माळ्यावरच्या कॅसेटी लॅपटॉपवर आणताना: पंचवटीतल्या एका घराचं प्रकरण

पार्श्वभूमी

पंचवटीत, काळाराम मंदिरापासून चालत जाता येईल अशा अंतरावर एक जुना वाडा आहे. तिथल्या एका घरातले आजोबा नारदीय पद्धतीचे कीर्तनकार होते. घरात आणि गल्लीत सगळे त्यांना बुवाच म्हणायचे. ते जाऊन बरीच वर्षं झाली. मागे राहिली ती एक पत्र्याची ट्रंक आणि तिच्यात साठच्या आसपास कॅसेटी. काही टीडीकेच्या, काही सोनीच्या, आणि बऱ्याचशा बाजारातल्या गाण्यांच्या कॅसेटी पुसून वापरलेल्या. रामनवमीच्या उत्सवातली कीर्तनं, चातुर्मासातली प्रवचनं, घरी शिष्यांना दिलेले पाठ असं सगळं त्यात मिसळलेलं. रेकॉर्डिंग 1980 च्या दशकापासून पुढच्या पंधरा-वीस वर्षांतलं.

घरात आता बुवांच्या पत्नी, म्हणजे आजी. त्यांचा मुलगा, जो सातपूरला एका कारखान्यात देखभाल विभागात आहे. आणि कॉलेजात शिकणारी नात. बुवांच्या पुण्यतिथीला शिष्यमंडळींनी एक छोटा कार्यक्रम ठरवला होता. त्यात अर्धा तास बुवांचाच आवाज ऐकवायचा, अशी आजींची इच्छा. मी नाशकात ध्वनिमुद्रणाची किरकोळ कामं करतो, म्हणून मुलाचा फोन आला. घरच्यांच्या परवानगीने हे लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

अडचण नेमकी काय होती

फोनवर मुलगा म्हणाला, "अहो, कॅसेटीच गेल्यात बहुतेक. रेकॉर्ड करून बघितलं, नुसता गाळ येतोय."

त्याने काय केलं होतं ते बघितल्यावर उलगडा झाला. घरातल्या जुन्या टू-इन-वनच्या मागे लाइन-आउट, म्हणजे दुसऱ्या यंत्राला आवाज द्यायचं सॉकेट होतं. तिथून ईपी पिनची (हेडफोनला असते त्या बारीक पिनेची) वायर काढून त्याने लॅपटॉपच्या बाजूला असलेल्या एकुलत्या एका सॉकेटमध्ये खुपसली आणि रेकॉर्ड दाबलं. नंतर ऐकलं तर कीर्तन विहिरीच्या तळातून आल्यासारखं, आणि पूर्वरंग ऐन भरात असताना कुकरच्या शिट्ट्या.

कुकरची शिट्टी आली म्हणजे वायरमधून काहीच आत गेलेलं नव्हतं. हल्लीच्या लॅपटॉपचं ते एक सॉकेट हेडफोन आणि माइक दोन्हींसाठी असतं, आणि माइकसाठी त्याला चार पट्ट्यांची पिन लागते. तीन पट्ट्यांची साधी स्टीरिओ ईपी पिन घातली की लॅपटॉप तिला हेडफोन समजतो आणि रेकॉर्डिंग त्याच्या स्वतःच्या माइकवरून चालू ठेवतो. टू-इन-वनचा स्पीकर खोलीत वाजत होता, लॅपटॉप तो खोलीतून ऐकत होता. तपासायला सोपं आहे: रेकॉर्डिंग चालू ठेवून कीबोर्डच्या वर नखाने टकटक करायची. मीटर उडाला, तर आतला माइक चालू आहे.

मुलाने पुढे एम. जी. रोडवरून एक स्प्लिटर आणला, माइक आणि हेडफोन वेगळे करणारा. आता आवाज वायरमधून जाऊ लागला खरा, पण फाटका आणि एकाच चॅनेलमध्ये. हे होणारच होतं. माइकच्या इनपुटला काही मिलिव्होल्टचा सिग्नल अपेक्षित असतो. घरगुती उपकरणाच्या लाइन-आउटची ठरलेली पातळी 0.316 व्होल्ट, म्हणजे माइकच्या कितीतरी पट. आत शिरतानाच सिग्नलचा माथा कापला जातो. विंडोजमधला स्लायडर खाली ओढला की फाटका आवाज बारीक होतो, पण फाटकाच राहतो. शिवाय असं माइक-इनपुट एकाच चॅनेलचं असतं, आणि माइक चालवायला लॅपटॉप त्याच तारेवर थोडा डीसी व्होल्टेजही सोडतो.

मी टू-इन-वनला हेडफोन लावून तीच कॅसेट ऐकली. आवाज मंद होता, वरचा भाग गेलेला, पण फाटका मुळीच नव्हता. कॅसेटी जिवंत होत्या. बिघाड जोडणीत होता, आणि जोडणीच्या आधी वाजवणाऱ्या यंत्रात.

समोर असलेले पर्याय

ऑनलाइन मिळणारा यूएसबी कॅसेट प्लेअर हा मुलाच्या मनातला पहिला पर्याय. हातात मावणारा, स्वस्त, थेट यूएसबीने लॅपटॉपला लागणारा. त्याचं आकर्षण कळतं. पण टेप ओढणारी त्याची यंत्रणा खेळण्याच्या दर्जाची असते, वेग हलतो, आणि कीर्तनात पेटीचा सूर लांबला की ते थरथरणं लगेच कानाला कळतं. हा पर्याय मी ठामपणे बाद करायला सांगितला.

दुसरा पर्याय, कॅसेटमागे पैसे घेऊन एमपी3 करून देणारं दुकान. घरात वेळ नसेल तर यात वाईट काही नाही. इथे दोन गोष्टी आड आल्या. दुकानदार फक्त एमपी3 देणार होता, मूळ मोठी फाइल नाही; आणि आजी ट्रंक घराबाहेर जाऊ द्यायला तयार नव्हत्या. "माळ्यावरनं खाली आली तेवढी पुरे," म्हणाल्या. तो विषय तिथेच संपला.

तिसरा, लाइन-इन असलेला साधा यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे डेकचा आवाज यूएसबीने लॅपटॉपला देणारी डबी. बेहरिंजरच्या यूसीए 202 सारख्या छोट्या डबीला डेकच्या लाल-पांढऱ्या आरसीए पिना थेट लागतात आणि हे काम तिच्याने होतं. पण तिच्यात इनपुट कमी-जास्त करायची सोय नाही आणि रेकॉर्डिंग 16 बिटचं. कॅसेटी वेगवेगळ्या यंत्रांवर, वेगवेगळ्या पातळीवर भरलेल्या असताना गेनचं, म्हणजे आत येणारा आवाज कमी-जास्त करायचं, बटण हाताशी असावं असं मला वाटत होतं. माझ्याकडे फोकसराइटचा स्कार्लेट 2आय2 होता, 24 बिटचा, दोन्ही चॅनेलना वेगळं गेन असलेला. तो काही काळासाठी त्यांच्या घरी ठेवायचं ठरलं. तो हाताशी नसता तर यूसीए 202 घ्या असंच सांगितलं असतं. डेक चांगला असेल तर त्या दोघांतला फरक कीर्तनाच्या कॅसेटीवर फार कमी लोकांना ऐकू येईल.

आधी डेक, मग कॉम्प्युटर

खरा पैसा आणि वेळ कुठे घालायचा, हा या प्रकरणातला पहिला मोठा निर्णय. मुलाचा ओढा साहजिकच कॉम्प्युटरकडे होता: कोणतं सॉफ्टवेअर, किती किलोहर्ट्झ. माझं म्हणणं होतं की टेपवरचा आवाज वाचणाऱ्या हेडने जे उचललंच नाही ते पुढे कुठलाच कॉम्प्युटर आणून देणार नाही.

घरात खोक्यात बांधून ठेवलेला एक स्टीरिओ कॅसेट डेक निघाला. मोटर फिरत होती, चाकं हलत नव्हती. उघडला तर आतल्या रबरी बेल्टचं काळं डांबर झालेलं. इतक्या वर्षांनी बेल्टचं असं होतंच. जुन्या नाशकातल्या एका कारागिराने डांबर खरवडून काढलं, नवे बेल्ट घातले, टेप ओढणारं रबरी चाक, म्हणजे पिंच रोलर, साफ केला आणि वेग जुळवून दिला. कॅसेटचा ठरलेला वेग सेकंदाला 4.76 सेंटिमीटर. 1963 मध्ये फिलिप्सने कॅसेट बाजारात आणली तेव्हापासून तो तोच आहे, म्हणून तर एका घरात भरलेली कॅसेट दुसऱ्या घरात वाजते. हेड आम्ही आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. पहिला कापसाचा बोळा तपकिरी झाला, दुसरा पिवळट, तिसरा पांढरा राहिला तेव्हा थांबलो.

कॅसेटींची छाननी नातीने केली. प्रत्येक कॅसेटच्या मागच्या कडेचे दोन प्लास्टिकचे कान आधी तोडायचे, मगच ती डेकमध्ये घालायची, हा नियम पहिल्याच दिवशी केला. कान तुटले की रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही. जुन्या डेकवर प्ले आणि रेकॉर्ड शेजारी-शेजारी असतात, आणि घाईत बोट चुकायला वेळ लागत नाही. काही कॅसेटींत टेपला हेडवर दाबून धरणारा नमद्याचा छोटा तुकडा डिंक सुकून गळून पडला होता. तो नसेल तर आवाज येतो आणि जातो. ज्या कॅसेटींना स्क्रू होते त्या उघडून टेपची चाकं दुसऱ्या धडक्या खोळीत बसवली. दोन कॅसेटींच्या टेपच्या कडेवर पांढरी बुरशी दिसली. त्या वाजवल्या नाहीत. बुरशी हेडला लागली की पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते.

जोडणी आणि लेव्हल

डेकच्या लाइन-आउटमधून लाल-पांढऱ्या आरसीए पिना, दुसऱ्या टोकाला दोन पी-38 (गिटारला लागतात तसे जाड) मोनो जॅक, ते इंटरफेसच्या दोन इनपुटमध्ये. इंटरफेसवरचं गिटारसाठीचं 'इन्स्ट' बटण बंद. तिथून यूएसबीने लॅपटॉप. सॉफ्टवेअर ऑडॅसिटी, फुकट आणि पुरेसं. त्यात रेकॉर्डिंगचं उपकरण म्हणून इंटरफेस निवडला आहे ना, हे दर वेळी बघायचं. विंडोज अपडेट झालं की निवड परत लॅपटॉपच्या माइकवर जाऊ शकते.

48 किलोहर्ट्झ, 24 बिट असं ठरवलं. ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्हणजे आयएएसएने, अशा जुन्या मुद्रणांसाठी किमान म्हणून हेच सांगितलं आहे. मुलाला 96 किलोहर्ट्झ हवं होतं. हिशोब मांडला: 48/24 च्या स्टीरिओ फाइलला मिनिटाला साधारण 17 एमबी लागतात, म्हणजे नव्वद मिनिटांच्या सी-90 कॅसेटला दीड जीबी. 96 केलं की दुप्पट. घरगुती रेकॉर्डरवर भरलेल्या कीर्तनात एवढ्या वरच्या कंपनांत ठेवण्यासारखं काही नसतं, म्हणून 48 वर एकमत झालं.

लेव्हल लावायला कॅसेटची सुरुवात कामाची नाही. बुवा नमनाला हळू सुरू करायचे. त्यावर गेन लावला तर गजराला सगळं फुटणार. म्हणून प्रत्येक कॅसेटमध्ये आधी गजर शोधायचा, तिथे मीटरचं टोक उणे 10 डेसिबलच्या आसपास राहील एवढा गेन ठेवायचा, आणि मग मागे जाऊन सलग भरायचं. चोवीस बिटला खालच्या बाजूला इतकी मोकळी जागा असते की थोडं कमी भरल्याने काही बिघडत नाही. शून्याच्या वर गेलेलं मात्र परत मिळत नाही.

झांजेवर कान ठेवून

एवढं करूनही पहिली कॅसेट मंदच वाजली. कारण हेडचा कोन. कॅसेट ज्या यंत्रावर भरली त्याचं हेड टेपला किंचित तिरपं असेल, आणि वाजवणाऱ्याचं सरळ असेल, तर वरचे स्वर आधी जातात. डेकच्या हेडशेजारी एक स्प्रिंग असलेला छोटा स्क्रू असतो, त्याने हा कोन बदलता येतो. याला ॲझिमथ म्हणतात.

इथे दुसरा निर्णय आला: एकदाच कोन लावून सगळ्या कॅसेटी काढायच्या, की प्रत्येकीला वेगळा? वेळ वाचवायचा तर पहिला मार्ग. पण बुवांच्या कॅसेटी कमीत कमी तीन वेगवेगळ्या रेकॉर्डरवर भरलेल्या होत्या. त्यामुळे प्रत्येक बाजूला वेगळा कोन लावायचं ठरलं.

करायची रीत अशी: दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनोमध्ये ऐकायचं, झांज वाजत असेल अशी जागा धरायची आणि बारीक स्क्रूड्रायव्हरने स्क्रू अगदी थोडा इकडे-तिकडे फिरवायचा. मोनोत चूक जास्त कळते, कारण दोन चॅनेलमध्ये किंचितही अंतर पडलं तर ते वरच्या स्वरांत एकमेकांना खातात. चुकीच्या कोनावर झांज पत्र्याच्या डब्यासारखी 'ठक' वाजते. कोन जुळत आला की तिच्या मागचा 'छन्न' उलगडतो, नाद लांबतो, आणि त्याच क्षणी बुवांच्या 'स' आणि 'श' मधला फरकही कळू लागतो. नातीचा कान यात माझ्यापेक्षा लवकर तयार झाला. नंतर मी फक्त बघायला जात होतो.

बहुतेक मूळ रेकॉर्डिंग मोनो होतं, तेव्हा दोन चॅनेल कशाला, असा प्रश्न मुलाने विचारला. कोन नीट जुळवून दोन्ही चॅनेल भरले आणि नंतर एकत्र केले, तर आवाज दुणावतो आणि टेपची सरसर त्या मानाने कमी वाढते. सुमारे 3 डेसिबलचा फायदा होतो. शिवाय एका कडेला टेप चुरगळली असेल तर दुसऱ्या चॅनेलवरून भागवता येतं.

काही कॅसेटींवर कुणा शिष्याच्या अक्षरात 'डॉल्बी बी' लिहिलेलं, म्हणजे टेपची सरसर दाबायची ती पद्धत वापरून भरलेल्या. त्या आम्ही दोनदा काढल्या: एकदा डेकचं डॉल्बी बंद ठेवून, एकदा चालू करून. कोन चुकलेला असताना डॉल्बी लावलं तर आवाज आणखी मंद होतो, म्हणून कोन आधी. लिहिलेलं नसलेल्या कॅसेटींना डॉल्बी लावलं नाही. सरसर कमी करण्याचं सॉफ्टवेअरमधलं कामही मूळ फाइलवर केलं नाही. ते नंतर कधीही, प्रतीवर करता येतं.

झिणझिण्या आणि घरघर

पहिल्या संध्याकाळी हेडफोनमध्ये बारीक घरघर होती. चार्जर काढला की बंद, लावला की चालू. नात म्हणाली, "लॅपटॉपच्या कडेला हात लावला की मुंग्या येतात, पण ते नेहमीचंच आहे." ते नेहमीचं असायला नको होतं. वाड्याच्या त्या खोलीतल्या सॉकेटला तिसरं भोक होतं, पण मागे अर्थिंगची तारच नव्हती. चार्जरमधून झिरपणारा थोडासा प्रवाह जायला वाट शोधतो, आणि ऑडिओची वायर ही त्याला मिळालेली वाट.

शेजारच्या कुणीतरी चार्जरची अर्थची पिन काढून टाकायचा सल्ला दिला होता. असलं काही करू नये, यावर मुलगा आणि मी लगेच एकमत झालो. देखभाल विभागातला माणूस असल्याचा फायदा. त्याने इलेक्ट्रिशियन बोलावून अर्थिंग करून घेतलं. तोवर रेकॉर्डिंग बॅटरीवर. सी-90 ची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची, तेवढं लॅपटॉप काढायचा. कॅसेट उलटायच्या आधी चार्जिंग.

काळी एक की पांढरी दोन

रामनवमीच्या एका कॅसेटवर आजींनी हरकत घेतली. "हे असं चढ्या पट्टीत नाही गायचे. काळी एक होती त्यांची." काळी एक आणि पांढरी दोन या पेटीवरच्या शेजारच्या पट्ट्या, अर्ध्या स्वराच्या अंतरावर. पेटी लावून बघितलं तर सुरुवात काळी एकलाच होती, आणि बाजू संपेपर्यंत सूर जवळजवळ पांढरी दोनपर्यंत चढला होता. देवळात रेकॉर्डर सेलवर चाललेला. सेल उतरत गेले तसा टेपचा वेग मंदावला, आणि आता ठरलेल्या वेगाने वाजवताना तोच भाग चढा वाजतो. अर्धा स्वर म्हणजे साधारण 6 टक्के फरक.

मूळ फाइल तशीच ठेवून, ऐकायच्या प्रतीत तुकड्या-तुकड्याने वेग उतरवला. ऑडॅसिटीत यासाठी 'चेंज स्पीड' (नव्या आवृत्तीत 'चेंज स्पीड अँड पिच') वापरायचं, 'चेंज पिच' नाही. इथे सूर आणि लय दोन्ही एकत्रच चढलेले होते. प्रत्येक तुकड्याचा आकडा आजींना पेटीवर सूर दाखवून ठरवला.

कार्यक्रमातलं प्लेबॅक

पुण्यतिथीचा कार्यक्रम गंगापूर रोडवरच्या एका छोट्या सभागृहात. लॅपटॉपच्या हेडफोन सॉकेटमधून मिक्सरच्या लाइन-इनपुटला वायर. तिथे घरघर परत आली, या वेळी कारण वेगळं: लॅपटॉप एका भिंतीवरच्या सॉकेटला, ॲम्प्लिफायर स्टेजमागच्या, दोन्हींना अर्थिंग आणि दोन अर्थना जोडणारी ऑडिओची वायर. मध्ये ट्रान्सफॉर्मरचा छोटा ग्राउंड लूप आयसोलेटर घातला आणि आवाज स्वच्छ झाला. स्वस्त आयसोलेटर अगदी खालचा खर्ज थोडा खातो. बुवांच्या आवाजाला त्याने फरक पडला नाही.

डावा-उजवा एकत्र पिळून एका पिनेत घालण्याची पद्धत सगळीकडे दिसते. त्यात लॅपटॉपचे दोन आउटपुट एकमेकांना ओढतात. आम्ही फाइल आधीच मोनो केली आणि फक्त डावा चॅनेल मिक्सरला दिला.

निष्पत्ती

बुरशीच्या दोन सोडून सगळ्या कॅसेटी निघाल्या. एका कॅसेटची दुसरी बाजू मात्र मिळून न मिळाल्यासारखी: उत्तररंग सुरू होतो आणि दहाव्या मिनिटाला रेडिओवरचं क्रिकेट समालोचन. कधीतरी कुणीतरी त्यावर भरलं होतं. मुलगा काही बोलला नाही, आजी त्याच्याकडे बघून हसल्या.

मूळ फाइली फ्लॅक करून (दर्जा न घटवता आकार कमी करणारा प्रकार) दोन हार्ड डिस्कवर ठेवल्या आहेत, एक वाड्यात, एक नातीच्या मावशीकडे सिडकोत. शिष्यांना एमपी3 दिल्या. कॅसेटी फेकल्या नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

सुरुवात रामनवमीच्या कॅसेटीने झाली, कारण सगळ्यांना तीच ऐकायची होती. डेक नुकताच दुरुस्त झालेला, हात बसलेला नाही, अशा वेळी सगळ्यात मोलाची कॅसेट घालणं धोक्याचं होतं. आधी बाजारातल्या दोन-तीन जुन्या कॅसेटी वाजवून डेक टेप खात नाही ना, हे बघायला हवं होतं. या वेळी निभावलं.

अर्थिंगची तपासणी पहिल्या दिवशीच व्हायला हवी होती. जुन्या वाड्यात काम असेल तर टेस्टर घेऊनच जावं.

कार्यक्रमाची तारीख डोक्यावर असल्याने डॉल्बीच्या कॅसेटी घाईत झाल्या. दोन्ही प्रती ठेवल्या आहेत म्हणून चिंता नाही, पण कुठली प्रत ऐकायला द्यायची हे अजून ठरलेलं नाही.

आणि नोंदींचं काम. कॅसेट भरत असताना आजी शेजारी बसून सांगत होत्या: पेटीवर कोण, तबल्याला कोण, हे कीर्तन कुठल्या उत्सवातलं, हे आख्यान त्यांनी नवीन बसवलं होतं ते वर्ष कोणतं. नात जमेल तेवढं वहीत लिहीत होती, पण एका हाताने मीटर सांभाळत. एक मोबाइल आजींसमोर रेकॉर्डिंगला ठेवला असता तर सगळंच मिळालं असतं. वहीत आता बऱ्याच फाइलींपुढे नुसतं प्रश्नचिन्ह आहे. नात दर रविवारी एक-दोन फाइली लावून ती नावं आजींना परत विचारते आहे, या वेळी मोबाइल चालू ठेवून.